रिकाम्या गाडीचा वारा

॥ श्रीविठ्ठल ॥

आंबिवली, वीटभट्टी
शिमगा सरल्यावरचा गुरुवार, सन १९५५

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी विश्रामचा डोकं टेकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू आहे का, शाळेचं छप्पर शाकारून झालं का, वहिनींचा दमा या थंडीत कसा राहिला आणि कपिलेला यंदा तरी पाडी झाली का, हे सगळं कळवावं. म्हणजे कळवावं असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. गेल्या अकरा महिन्यांत मी तुम्हाला पाच कार्डं घातली आणि एकाचंही उत्तर आलं नाही. (कार्डं पोचली हे मला ठाऊक आहे. तुमच्या गावचा पोस्टमन तुमचाच विद्यार्थी. तुमचं टपाल चुकवायची त्याची आजही छाती होणार नाही.) इकडे माझं बरं चाललं आहे. स्वयंपाक हाताने करतो. भाकरी अजून गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर गोलाची चौकशी कोणी करत नाही. कार्डावर मावणार नाही असं सांगायचं आहे, म्हणून या खेपेला पाकीट घातलं आहे. सवडीने वाचा. गणित तपासायचं आहे, असं समजून वाचा.

गेल्या चैत्रात, वद्य दशमीला, कल्याणच्या खाडीकाठच्या स्मशानात तुम्ही चार माणसांसमोर मला एक वाक्य बोललात. "रिकाम्या गाडीला एवढा वेळ लागत नाही, विश्रामराव." त्यानंतर तेरा दिवस तुम्ही माझ्याच घरी होतात, पण माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. चौदाव्या दिवशी बोटीला गेलात. तुमचं म्हणणं रास्त होतं. त्या दिवशी सकाळी मी माजिवड्याच्या बांधकामावर विटा घेऊन गेलो तेव्हा लक्ष्मीच्या तापाला बारा दिवस झाले होते. तुम्ही तिच्या उशाशी होतात, म्हणून मी गेलो. बाराच्या सुमारास गाडी मोकळी झाली, आणि तेवढ्यात भट्टीचा मुनीम आगगाडीने येऊन सांगून गेला की घरी बोलावलं आहे. तिथून कल्याण वीस मैल. कितीही रेंगाळलो तरी दोनच्या आत मी दारात असायला हवा होतो. पाच वाजून दहा मिनिटांनी पंचक लागत होतं, आळीतली म्हातारी माणसं तुम्हाला घड्याळ दाखवत होती, आणि आम्हा नवराबायकोला मूलबाळ नाही. तुम्ही पाचपर्यंत माझी वाट पाहिलीत आणि मग बहिणीला स्वतःच्या हाताने अग्नी दिलात. मी साडेपाचला पोचलो. वाटेत पेट्रोल संपलं, असं मी सांगितलं. समोरून वारा होता, रिकाम्या हौद्याने तो धरला आणि गाडीने एरवीपेक्षा जास्त पेट्रोल खाल्लं, असंही सांगितलं. तेव्हा तुम्ही चितेच्या धुराकडे पाहिलंत. धूर खाडीकडून गावाकडे चालला होता, म्हणजे वारा पश्चिमेचा. मी ठाण्याहून येणारा, म्हणजे वारा माझ्या पाठीला. तुम्ही नजर धुरावरून माझ्यावर आणलीत. आम्ही सातवीत असताना तुम्ही ट्रेनिंग संपवून नवेच मास्तर होऊन आला होतात, तेव्हाही कोणाचं गणित चुकलं की असंच बघायचात. छडी खाल्लेली परवडायची.

तेव्हापासून मी समोरचा वारा शोधतो आहे.

आमची गाडी तुम्ही पाहिली आहे. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीत लिलाव झाला, त्यात आमच्या राघोशेठनी घेतलेली ही अर्ध्या टनाची पिकप. पुढे दोघांना बसायला केबिन आणि मागे उघडा हौदा. जाताना हौद्यात विटा, येताना हौद्यात काही नाही. आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या लक्षात आलेली नसून लक्ष्मीच्या लक्षात आलेली आहे. ती माझे सदरे धुवायची. आठ वर्षं रोज धुताना म्हणायची, "विटा पाठीमागे असतात, मग लाली तुमच्या मानेवर कशी हो येते?" मी म्हणायचो, येते. त्याहून जास्त विचार मी केला नाही, कारण सदरा मला धुवायचा नव्हता. ती गेल्यावर पहिल्यांदा मी स्वतः सदरा धुवायला घेतला आणि कॉलरच्या आतल्या बाजूला विटांची लाल भुकटी पाहून मोरीतच बसून राहिलो. गाडी पुढे पळते तर भुकटी मागे उडून जायला पाहिजे. ती पुढे येते, केबिनच्या मागच्या खिडकीतून आत शिरते आणि माझ्या मानेवर बसते. म्हणजे हौद्यात वारा उलटा फिरतो. मग मी एक दिवस वारा अजिबात नसताना, झाडाचं पान हलत नसताना, गाडी चालवताना हात बाहेर काढून पाहिला. हाताला वारा लागला. तेव्हा मला कळलं की समोरचा वारा यायला वारा सुटावा लागत नाही. गाडी पळाली की तो आपोआप तयार होतो. केबिनच्या टपावरून तो मागे उडी मारतो, हौद्यात पडतो, मागच्या फळीला थडकतो, गरगरतो आणि गाडीला मागे ओढत राहतो. विटा भरलेल्या असल्या तर त्याला पडायला जागा कमी. हौदा रिकामा असला की त्याचंच राज्य. (हे मी माझ्या भाषेत लिहिलं. तुमच्याकडे विज्ञानाचं पुस्तक असेल त्यात याला काही नाव असेल तर कंसात घालून घ्यावं.)

राघोशेठना हे सांगितलं. ते विडी ओढत शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "विश्राम, बाईल गेली की मानसाला काय तरी लागतंच. कोन दारू पितो, कोन दुसरी करतो. तू वारा मोज. पन विटा येळेवर गेल्या पायजेत." त्यांच्या परवानगीने मी कामाला लागलो. पेट्रोलच्या टाकीचा काटा लष्करानेच मोडून दिलेला आहे, म्हणून मी वेताच्या छडीवर चाकूने खुणा केल्या. आंबिवलीहून निघताना छडी बुडवायची, परत आल्यावर बुडवायची, आणि किती बोटं ओलं कमी झालं ते पाहायचं. उघड्या हौद्याने एका खेपेला नऊ बोटं लागतात. सोळा खेपा मोजून हे नऊ बोटांचं मी लिहितो आहे.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच केला. वारा फळीवर थडकतो ना, मग फळीच काढून टाकू, म्हणजे तो बिचारा निघून जाईल. फळी काढून रिकामी गाडी माजिवड्याहून आणली. त्या दिवशी राघोशेठच्या घरच्या रखमाबाईंनी एक तांब्याचं घंगाळ ठाण्याला कल्हई करायला दिलं होतं, ते झालेलं मी हौद्यात ठेवलं होतं. ते शीळफाट्याच्या उतारावर कुठेतरी उतरलं. जॅकही उतरला. दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने घंगाळ आणून दिलं, पण त्याला चार ठिकाणी पोचे आले होते आणि त्यात त्याची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली होती असं त्यानेच कौतुकाने सांगितलं. (एका दिवसात दोन दिवस कसे झाले हे मी विचारलं नाही.) रखमाबाई मला एवढंच म्हणाल्या की वाऱ्याला दार उघडून दिलंत, मग तो रिकाम्या हाताने कसा जाईल. एवढं करून घरी येऊन छडी बुडवली तर साडेनऊ बोटं. फळी काढल्याने वारा गेला नव्हता, वर अर्धं बोट जास्त पिऊन बसला होता. असं का झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी त्या दिवशी फळी परत लावली आणि विठोबाची क्षमा मागितली. ती कशाबद्दल, ते नीटसं कळलं नाही.

दुसरा उपाय ताडपत्रीचा. जुनी, ठिगळांची ताडपत्री हौद्यावर टाकली आणि चारी कोपऱ्यांना बांधली. तिने मुंब्र्यापर्यंत दम धरला आणि मग जी फडफडायला लागली, ती एखाद्या भांडकुदळ शेजारणीसारखी मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत एक शब्द न गाळता बोलत राहिली. छडी दाखवत होती नऊ. मात्र त्यातून एक धडा मिळाला. झाकण सैल नको, ढोलकीसारखं ताणलेलं पाहिजे. त्यासाठी चौकट पाहिजे. आणि इथे, अण्णा, माझ्या हातून मोठी चूक घडली.

कल्याणच्या बाजारात पंढरी बुरूड आहे. त्याच्याकडे जाऊन मी तीन लांब बांबू आणि सात आडव्या कामट्या मागितल्या, आणि बांधायला सुंभ. पंढरी एरवी बांबूच्या एका पेरावरून अर्धा तास घासाघीस करतो. त्या दिवशी त्याने भावाचा शब्द काढला नाही. फक्त लांबी-रुंदी विचारली. मी म्हटलं, लांबी सहा फूट, रुंदी चार. तो म्हणाला, चार? मी म्हटलं, चार लागतीलच, नाहीतर कडेने वारा शिरतो. त्याने बांबू खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मानूस लई भारी होता काय?" मला वाटलं तो गाडीबद्दल विचारतोय. (तो माणसाबद्दल गाडीसारखं बोलतो आणि गाडीबद्दल माणसासारखं, अशी माझी समजूत होती.) मी म्हणालो, भारी कसली, रिकामीच असते. त्यावर त्याने हात जोडले. निघताना तो नेहमी "या परत" म्हणतो, ते काही म्हणाला नाही. मी हे सगळं पाहिलं आणि एकाही गोष्टीचा अर्थ लावला नाही. बांबू उभे, कामट्या आडव्या, सुंभाने आवळून बांधल्या. त्यावर पांढरा मांजरपाट ताणून शिवला, कारण त्याच्याइतकं घट्ट विणीचं आणि गुळगुळीत कापड दुसरं नाही. चौकट हौद्यावर टाकली आणि सुंभाने जखडली. हाताने वाजवून पाहिली तर ढोलकीसारखी वाजली. मन प्रसन्न झालं.

नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची नाही हे आईने शिकवलेलं. माघी एकादशीचा दुसरा दिवस होता. मी पहाटे आंघोळ करून गाडीला झेंडूचा हार घातला, झाकणावर एकादशीच्या भजनातला उरलेला गुलाल आणि बुक्का वाहिला, तुळशीची दोन पानं ठेवली, आणि पुढे बॉनेटजवळ उदबत्त्यांचा जुडगा खोवला. खाली विटा भरलेल्याच होत्या. त्यांच्यावर झाकण बेताचं बसलं. असा सगळा थाट करून मी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि गाडी सावकाश रस्त्याला लावली.

कल्याणच्या नाक्यावर पहिला सायकलवाला उतरून उभा राहिला. मला वाटलं त्याची साखळी पडली. पुढे चहाच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी टोप्या काढल्या. एका बैलगाडीवाल्याने बैल शेतात घातले आणि मला रस्ता दिला. शीळफाट्याला दोन लॉऱ्या आडव्या येऊन एकमेकांशी भांडत होत्या, त्या मला पाहून गप्प झाल्या आणि दोन्ही मागे सरल्या. लॉरीवाल्याला मागे सरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी मनात म्हटलं, माणसं आज इतकी सज्जन कशी झाली, एकादशीचं पुण्य असावं. कळव्याच्या पुलावर शिपायाने शिट्टी मारून समोरची सगळी वाहतूक थांबवली आणि मला सलाम केला. माजिवड्याच्या अलीकडे एक अनोळखी गृहस्थ गाडीबरोबर चालायला लागले आणि खिडकीशी येऊन म्हणाले की खांदा द्यायला माणसं कमी असतील तर मी येतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गाडी थांबवली, उतरून मागे गेलो आणि पंढरी बुरुडाच्या नजरेने माझ्या गाडीकडे पाहिलं. अण्णा, सहा बाय चारची तिरडी. हार, गुलाल, बुक्का, तुळस, उदबत्ती. एका गोष्टीचीही उणीव नव्हती.

बांधकामावरच्या तानाजी गवंड्याने विटा उतरवून घ्यायला साफ नकार दिला. प्रेताखालून आलेल्या विटा नव्या घराच्या भिंतीत घालणार नाही म्हणाला. मी सुंभ सोडून झाकण उचलून दाखवलं, खाली विटांशिवाय काही नव्हतं. तो म्हणाला, मग प्रेत कुठे उतरवलंस. शेवटी गोमूत्र शिंपडून, पाच विटा बाजूला काढून ठेवून प्रकरण मिटलं. मी हार काढला, उदबत्त्या विझवल्या, गुलाल झटकला (तो मांजरपाटात मुरला होता, जितका झटकला तितका पसरला), आणि रिकामी गाडी झाकून परत निघालो. आता खरा प्रयोग सुरू होणार होता. छडीवर पहाटेची खूण होतीच. वारा नव्हता.

देसाई गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, नेसण गुडघ्यापर्यंत, अंबाड्यात अबोली. तिने हात वर केला म्हणून मी थांबलो. तिने पाटी उतरवली, मागे जाऊन झाकणाला हात लावला आणि परत येऊन विचारलं, "कोन गेला रं बाबा?"

मी म्हणालो, कोणी नाही आजी, वाऱ्यासाठी झाकलंय. आत काही नाही.

"वाऱ्यासाठी?" ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला समजावून सांगायला लागलो. वारा टपावरून पडतो, फळीला थडकतो, गरगरतो, भुकटी मानेवर येते. बोलता बोलता माझा आवाज कसातरी व्हायला लागला. माझ्या लक्षात आलं की या बाईला मी जे सांगतोय ते तिला सांगतच नाही, तुम्हाला सांगतो आहे. माझं संपल्यावर तिने माझ्या मानेला हात लावला आणि बोटाला लागलेली लाली पाहिली.

"कोन व्हती तुजी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, घरची.

"कवा गेली?"

मी म्हणालो, चैत्रात.

माघ चालू होता, अण्णा. कोणीही हसलं असतं. ती हसली नाही. तिने विचारलं, "सवाशीन गेली ना? मंग फूल नाय व्हय?" आणि अंबाड्यातली अबोली काढून झाकणाच्या मधोमध ठेवली. मग पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "रडून घे अन मंग गाडी हाक. रडत हाकू नको, रस्ता दिसत नाय." ती शेतातल्या वाटेने निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून जे करायचं ते केलं. स्मशानात ते झालं नव्हतं, कारण तुम्ही बघत होतात आणि मी वाऱ्याचं सांगत होतो.

तिथून आंबिवलीपर्यंत मी बैलगाडीच्या चालीने आलो. फूल उडू नये म्हणून. मागून येणारे भोंगे वाजवत नव्हते, कारण प्रेतामागे भोंगा कोण वाजवणार. भट्टीवर पोचलो, उतरून पाहिलं, तर अबोली जिथे ठेवली तिथेच, बोटभरही सरकली नव्हती. मग मी छडी बुडवली. सात बोटं. दोन बोटं वाचली होती.

आता तुम्ही हेडमास्तर आहात, तुम्हीच निकाल द्या. दोन बोटं कोणी वाचवली? झाकणाने म्हणावं, तर जाताना निम्म्या ठाणे जिल्ह्याने मला वाट दिली, ब्रेकला पाय लावावा लागला नाही. झाकणाने नाही म्हणावं, तर फूल का उडालं नाही? मी सावकाश आलो म्हणून उडालं नाही, असं तुम्ही म्हणाल. मग मी सावकाश आलो म्हणूनच पेट्रोल वाचलं, असंही तुम्हीच म्हणाल. मला माहीत होतं तुम्ही हे म्हणाल, म्हणून मी झाकण हिरव्या रंगात बुडवून आणखी नऊ खेपा केल्या. हार नाही, गुलाल नाही, रोजच्या वेगाने. नऊच्या जागी सव्वाआठ बोटं लागतात. म्हणजे पाऊण बोट खरोखर वाऱ्याचं. पाऊण बोट फार नाही. वीस मैलांत एवढ्याने गाडी काही बंद पडत नाही, हेही तुम्ही आकडा वाचल्याबरोबर ओळखलं असेल. पण वारा होता, एवढं तरी आता सिद्ध झालं. मी अगदीच हवेतलं बोललो नव्हतो.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. पत्रात अधिक-उणं झालं असेल तर ते विद्यार्थ्याचं समजून खाली लाल शाईने लिहावं, पण लिहावं.

तुमचा,
विश्राम

ता. क. पांढरं झाकण हिरवं केलं तरी कल्याणात पंढरी बुरूड मला पाहिलं की अजून उभा राहतो. आंबिवलीत त्याचा दुसराच उपयोग निघाला. रविवारी गाडी उभी असते, तेव्हा रखमाबाई चौकट उतरवून दोन पिंपांवर ठेवतात आणि तिच्यावर पापड वाळत घालतात. पापड उत्तम वाळतात. गावात मात्र ते कोणी घेत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. तुमच्याकडे पाठवीन म्हणतो.

ता. क. दुसरा. पाकिटात अजून जागा आहे आणि पोस्ट बंद व्हायला तास आहे, म्हणून लिहितो. अण्णा, त्या दिवशी पेट्रोल संपलं नव्हतं. टाकीत चांगलं चार बोटं होतं. निरोप आणणारा मुनीम मला जाताना म्हणाला, "सावकाश या." बोलवायला आलेला माणूस सावकाश या म्हणतो तेव्हा घाई संपलेली असते, एवढं मला कळतं. मी निघालो आणि शीळफाट्याच्या अलीकडे एका वडाखाली गाडी उभी केली. खिशातली माळ काढली. म्हटलं एक माळ जप करू आणि निघू. जप चालू होता तोवर घरी काही झालेलं नव्हतं. मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. माळ संपली, मेरुमणी हाताला लागला, तेव्हा उठायला हवं होतं. मी माळ उलटी फिरवली आणि दुसरी सुरू केली. अशा अकरा माळा केल्या. जन्मभरात कधी एका बैठकीला एवढा जप झाला नव्हता. पंचकाचं मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तर उठलो असतो, असंही छातीठोक सांगवत नाही. स्मशानात तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडाला वारा आला, आणि एकदा बोललो ते खरं व्हावं म्हणून वर्षभर छडी बुडवत बसलो. तुम्ही धुराकडे पाहिलंत ते बरोबर होतं.

ता. क. तिसरा. वर्षश्राद्ध चैत्र वद्य दशमीला आहे. भटजींना सांगून ठेवलं आहे. त्या सकाळी मी विटा घेऊन गेल्यापासून ती जाईपर्यंत तुम्ही एकटेच तिच्याजवळ होतात. तेवढ्या वेळात तिने मला विचारलं का, एवढंच मला हवं आहे. बाकी सगळं पत्र त्यासाठी लिहिलं. विचारलं असेल तर एक कार्ड टाका, पुरे. विचारलं नसेल तर लिहू नका, स्वतः येऊन सांगा.